दुसरे घर आणि भाड्याचा हिशेब

मागे एका अंकात आम्ही भिशीवर लिहिले होते. त्यावर पत्रे आली, फोन आले, दोन वाचकांनी आमच्या हिशेबातली चूकही दाखवली (ती खरी होती). त्यातच इचलकरंजीच्या एका भगिनींचे चार पानी पत्र होते. पती दीड वर्षापूर्वी अल्लाहला प्यारे झाले. फंड, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून चोवीस लाख रुपये बँकेत आले. मुलगा आयटीआय करून कामाला लागला आहे, मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता ओळखीचे एक गृहस्थ आठवड्यातून तीनदा घरी येतात. नव्या इमारतीत फ्लॅट घ्या म्हणतात, महिना बारा हजार भाड्याची हमी देतात, आणि बुकिंगचे सात लाख रोख मागतात, तेही याच आठवड्यात. पत्राच्या शेवटी आपांनी विचारले होते, "देऊ का?"

पत्राला उत्तर लिहीत बसलो नाही, त्याच संध्याकाळी फोन केला. एवढेच सांगितले की देऊ नका, महिनाभर थांबा, आणि घरी कुणी आले तर "मुलाशी बोलायचे आहे" म्हणून चहा पाजून परत पाठवा. बाकीचे सविस्तर लिहू म्हटले होते. ते आज लिहितो आहोत, कारण हाच प्रश्न थोड्याफार फरकाने पुष्कळ घरांत आहे.

आधी आमचे सांगतो. आम्ही दोघेही शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवणारी माणसे, गणिताशी आमचा संबंध पगारपत्रकापुरता. शिक्षणसेवकाची तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढली आणि कायम झालो तेव्हा कळले की १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. आमच्या शाळेतले थोरले सहकारी निवृत्त झाले की त्यांच्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम येते. आमच्या वेळी काय येईल याचा हिशेब अजून कुणी नीट सांगितलेला नाही. अब्बा म्हणायचे, म्हातारपणी माणसाकडे एक तरी गोष्ट अशी हवी जी त्याच्याऐवजी काम करील. त्यांच्याकडे ती म्हणजे दोन म्हशी होत्या. आम्ही घराचा विचार केला.

बँकेच्या ठेवीवरचे व्याज आम्हाला नको होते, आणि व्याजाचे कर्ज काढून घर घेणेही नको होते. यावर आलिमांमध्ये काय चर्चा आहे, राहत्या घराच्या गरजेपुरती काय सवलत कुणी दिली आहे, हे ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. या सदरातून आम्ही मसले सांगत नाही. पण भाड्याने देण्यासाठी घेतलेले दुसरे घर ही गरज नव्हे, एवढे तर आम्हालाही कळत होते. म्हणून सबुरीचा रस्ता धरला. दोन भिशा, एका लहान प्लॉटची विक्री, थोडे सोने, आणि मेव्हण्यांकडून दोन लाख कर्जे हसना. ते दोन लाख घेताना मेव्हणे म्हणाले, "आपल्यात कसली लिखापढी?" आम्ही तरी कागद केला. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरात आहे, आणि ती परक्यांपुरतीच आहे असे कुठे म्हटलेले नाही. पैसे फिटले तेव्हा तो कागद दोघांनी मिळून फाडला. नाते शाबूत आहे.

पैसे जमेपर्यंत नऊ वर्षे गेली. या नऊ वर्षांचा एक फायदा झाला. दर सुट्टीत घरे बघत हिंडल्यामुळे डोळा तयार झाला.

आम्ही मिरजेत राहतो. मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. मिशनचे जुने वॉन्लेस रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्यांच्या आजूबाजूला खासगी दवाखान्यांच्या रांगा. परिचारिका, तंत्रज्ञ, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, शिकणारी मुले-मुली अशी माणसे इथे कायम येत-जात असतात. भाड्याच्या घरासाठी पहिला प्रश्न हाच विचारायचा की इथे राहायला कोण येणार आणि कशासाठी येणार. स्वतःच्या राहत्या घराच्या वेळी आपण अंगण, हवा, मशीद, शेजार बघतो. भाड्याच्या घरात आपण राहणारच नसतो. तिथे कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर, नळाला पाणी किती वेळ येते आणि रात्री रस्त्यावर दिवे असतात का, हे बघावे लागते. आम्ही घर बघायला सकाळी सहा-सातच्या सुमारास जायचो. त्या वेळी पाण्याची खरी परिस्थिती कळते, आणि पायऱ्यांवर भेटलेला दूधवाला कुठल्याही दलालापेक्षा खरी माहिती देतो. कुणाचे भाडे किती, कोणता फ्लॅट सहा महिने बंद पडून आहे, कुणाच्या छतातून पाणी गळते, त्याला सगळे ठाऊक असते.

सांगलीत एक तळमजल्यावरचा फ्लॅट फार स्वस्तात मिळत होता. रंग ताजा, फरशी चकचकीत. कपाट सरकवले तर मागच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर एक आडवी तपकिरी रेघ. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने सत्तावन्न फूट ओलांडले होते, आणि धोक्याची पातळी आहे पंचेचाळीस फूट. ती रेघ तेव्हाची. दोन वर्षांनी जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. नदीकाठच्या गावात घर घेणाऱ्याने निळी पूररेषा आणि लाल पूररेषा कुठून जाते हे महापालिकेत जाऊन बघितलेच पाहिजे. स्वस्त घर स्वस्त का आहे, याचे उत्तर मिळेपर्यंत विसार द्यायचा नाही.

दुसरे एक घर आमच्या ओळखीच्याच मोहल्ल्यात होते. गुंठेवारीतले. वाचकांपैकी अनेकांची घरे अशीच आहेत. शेतजमिनीचे गुंठे-गुंठे पाडून विकलेले, बिगरशेती न करता बांधलेले. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. गरिबाला शहरात छप्पर मिळाले ते गुंठेवारीमुळे, हे खरे आहे, त्याला नावे ठेवायला आम्ही बसलेलो नाही. २००१ च्या कायद्याने अशी बांधकामे नियमित करून घेण्याची सोयही झाली. पण भाड्यासाठी, म्हणजे गुंतवणूक म्हणून घेताना ते नियमित झाल्याचा दाखला हातात आहे का, हे बघायचे. "अर्ज केला आहे" यावर व्यवहार करायचा नाही. कारण उद्या मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणात विकायची वेळ आली, तर तोच कागद नाही म्हणून किंमत पाडून मागणारा गिऱ्हाईक समोर येतो.

आणि आपल्या समाजात विशेष जपायचे ते वक्फ आणि इनाम जमिनींबद्दल. दर्ग्याच्या, मशिदीच्या, कब्रस्तानच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असते, आणि राहणारा ती स्वतःची म्हणून विकायला काढतो. वक्फ मालमत्तेची विक्री कायद्याने होत नाही. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून घेतलेला ताबा ही मालकी नव्हे. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर काय लिहिले आहे, इतर हक्काच्या रकान्यात काय आहे, हे वाचता येत नसेल तर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घ्यावा. आम्हाला त्याचे आणि कागद तपासण्याचे मिळून आठ हजार पडले. त्या सगळ्या खर्चात हे आठ हजार सर्वांत सत्कारणी लागले असे आजही वाटते. आमच्या पसंतीच्या पहिल्या फ्लॅटवर एका पतसंस्थेचा बोजा होता. मालक त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

शेवटी २०२२ मध्ये दवाखान्यांपासून चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर, बारा वर्षे जुना वन बीएचके घेतला. नवा घेतला नाही, मुद्दाम. जुन्या इमारतीत जे आहे ते दिसते. भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, सोसायटी नोंदलेली आहे की नाही, घरपट्टी-पाणीपट्टी थकली आहे का, वीजबिल कुणाच्या नावावर आहे, हे सगळे त्याच दिवशी तपासता येते. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आपण नकाशा विकत घेतो.

आता पैशांचा हिशेब. हा आम्ही कुणापासून लपवत नाही, कारण दलाल मंडळी तो अर्धाच सांगतात. फ्लॅटची किंमत सोळा लाख. मुद्रांक शुल्क आमच्या महापालिका हद्दीत सहा टक्के होते, पण घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात एक टक्का सवलत आहे, ती आम्ही घेतली. म्हणजे ऐंशी हजार. नोंदणी फी एक टक्का, सोळा हजार. दलालीही सोळा हजार. वकील आठ हजार. बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, रंग आणि जुनी वायरिंग बदलणे, तीस हजार. एकूण झाले साडेसतरा लाख.

भाडे ठरले साडेसहा हजार. वर्षाचे अठ्ठ्याहत्तर हजार. दलाल इथेच थांबतो. पुढे चला. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत सरासरी एक महिना घर बंद, म्हणजे साडेसहा हजार गेले. घरपट्टी तीन हजार दोनशे. सोसायटीचे सेवाशुल्क महिना सातशे. त्यावर आम्ही स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीने आणखी तीनशे मागितले होते. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे हा बिनभोगवटा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आदेशाची प्रत नेऊन दाखवली, सचिवांनी चष्मा लावून दोनदा वाचली, आणि तीनशेचे सत्तर झाले. तर वर्षाचे नऊ हजार दोनशे चाळीस. दुरुस्तीला सहा हजार धरा, नळ आणि गळती कुणाला चुकलेली नाही. हातात राहिले त्रेपन्न हजार साठ रुपये. साडेसतरा लाखांवर हे वर्षाला तीन टक्के.

तीनच टक्के? आम्हीही कागद दोनदा तपासला. होय, तीनच. मग घेतले कशाला, असे आमच्या धाकट्या दिरांनी विचारले. उत्तर असे की भाडे दर वर्षी थोडे वाढते, घराची किंमत निदान बुडत नाही, पैसा हाताशी नसल्यामुळे खर्च होत नाही, आणि उत्पन्न व्याजाचे नसून भाड्याचे आहे. पण ज्यांना पुढच्या महिन्यापासून या पैशांवर चूल पेटवायची आहे, त्यांनी चोवीस लाखांचे घर घेऊन बारा हजारांच्या भरवशावर राहू नये. हमीचे बारा हजार कोण देणार? इमारत अजून दुसऱ्या स्लॅबवर आहे, असे आपांनीच पत्रात लिहिले आहे.

आता आमच्या चुकीबद्दल लिहायचे, तर ते जरा जड जाते. पहिला भाडेकरू नात्यातल्याच एकाने आणला. सभ्य, बोलका, सलाम करून बोलणारा. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर अकरा महिन्यांचा करार टाइप केला, नोटरीचा शिक्का घेतला, पंचवीस हजार अनामत रोख घेतली आणि किल्ली दिली. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे सगळे म्हणत होते. शाळेच्या स्टाफरूममध्येही हेच मत होते, आणि स्टाफरूममध्ये सर्व विषयांचे तज्ज्ञ असतात. पाच महिने भाडे वेळेवर आले. मग उशिरा येऊ लागले, मग थांबले. मागायला गेलो की आईचे आजारपण, पुढच्या वेळी धंद्यातली अडचण. सातव्या थकलेल्या महिन्यात त्याने थेट सांगितले की अनामत एक लाख दिली आहे, त्यातून कापून घ्या.

वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी आमच्या करारावर नजर टाकली आणि बाजूला ठेवला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत अकरा महिन्यांची असो वा पाच वर्षांची. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध करायचे ओझे मालकावर. शिवाय मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे फसवले गेलो होतो आम्ही, आणि कायद्याने चूकही आमचीच निघत होती. शेवटी मोहल्ल्यातल्या दोन बुजुर्गांनी मध्यस्थी केली. सात महिन्यांचे भाडे सोडून दिले, चार हजारांचे वीजबिल आम्ही भरले, आणि घर ताब्यात आले. किल्ली हातात घेताना आमच्यापैकी एकाच्या डोळ्यांत पाणी होते. कोणाच्या ते सांगत नाही.

दुसऱ्या वेळी करार रीतसर नोंदवला. हे आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर, घरी बसून. खर्चाची भीती बाळगू नका. एकूण भाडे अधिक अनामतीवर वर्षाला दहा टक्के धरून जी रक्कम येते, तिच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. आमच्या साडेसहा हजारांच्या अकरा महिन्यांना ते दोनशेच्या आतच बसते. नोंदणी फी शहरात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. नोंदलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारात मुदत संपूनही माणूस हलला नाही तर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते आणि प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे लटकत नाही. भाडेकरूची माहितीही पोलीस ठाण्यात कळवली. अनामत आणि भाडे दोन्ही बँकेतूनच घेतले.

याच काळात आम्हाला एक मोह झाला होता, तोही सांगितला पाहिजे. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, भाडे-बिडे सोडा, मी तीन लाख डिपॉझिट देतो, दोन वर्षे फुकट राहतो, जाताना तीन लाख परत करा. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव इथल्या वाचकांना हे "हेवी डिपॉझिट" नवे नाही. दोघांनाही सोयीचे वाटते. राहणाऱ्याला भाड्याची कटकट नाही, मालकाला एकरकमी पैसा. आम्ही एका बुजुर्ग आलिमांना विचारले. ते म्हणाले, ती रक्कम परत करायची आहे ना? मग ते कर्ज झाले. कर्ज देणाऱ्याला त्या कर्जापोटी फुकट राहायला मिळते, हा कर्जावरचा फायदा झाला. आता त्याला काय म्हणतात ते तुम्ही शिक्षक आहात, तुम्हीच सांगा. बहुतेक उलमांचे मत असेच आहे असे पुढे वाचनातही आढळले. बँकेचे व्याज नको म्हणून जे आम्ही नऊ वर्षे थांबलो, ते आम्हीच मागच्या दाराने देणार होतो, भाड्याच्या रूपात.

धर्माचा भाग बाजूला ठेवला तरी व्यवहारही कच्चा आहे. तीन लाख हातात आले की ते खर्च होतात, कुणाचे झाले नाहीत असे आम्ही पाहिलेले नाही. मुदत संपते, परत द्यायला पैसे नसतात, मग नवा डिपॉझिटवाला शोधून त्याच्या पैशातून जुन्याचे फेडायचे. नवा मिळाला नाही तर जुना घरातच. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा स्वतःचा फ्लॅट असा सहा वर्षे दुसऱ्याच्या ताब्यात होता आणि ते स्वतः भाड्याने राहत होते. वाजवी अनामत, दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी, ती वेगळी ठेवायची, हात लावायचा नाही.

आणि भाडेकरू कोण असावा? इथे थोडे मागे जावे लागेल. २००९ मध्ये नोकरीनिमित्त आम्ही एका दुसऱ्या गावी घर शोधत होतो. फोनवर सगळे ठरायचे. भाडे, अनामत, कधी येता. मग नाव विचारले जायचे. नाव सांगितले की पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग "अहो, ते आजच दुसऱ्यांना दिलं हो." एका आठवड्यात चार घरे "आजच दिली" गेली. पाचव्या घरी एका पेन्शनर आजोबांनी नाव ऐकले, आणि विचारले, "मुलं भिंतीवर लिहीत नाहीत ना?" त्यांच्याकडे आम्ही तीन वर्षे राहिलो.

तेव्हा आपण मालक झालो तर कुणाला आडनावावरून परत पाठवायचे नाही, असे ठरवून टाकले होते. ठरवणे सोपे असते. पहिल्या अनुभवानंतर सोसायटीतल्या आपल्याच एका शेजाऱ्यांनी सल्ला दिला, आता आपलाच माणूस बघा. गंमत अशी की बुडवून गेलेला आपलाच होता. आज तिथे दोन परिचारिका राहतात, एक लातूरकडची आणि एक सिंधुदुर्गातली. त्यांना आधी तीन ठिकाणी एकट्या मुली, रात्रपाळी, येण्या-जाण्याची वेळ नाही म्हणून नकार मिळाला होता. आम्ही नेमणुकीचे पत्र बघितले, आधीच्या घरमालकिणीला फोन केला, आधार आणि छायाचित्र घेतले, झाले. तीन तारखेच्या पुढे भाडे कधी गेलेले नाही. गेल्या रमजानमध्ये त्यांनी इफ्तारला खजूर पाठवले, त्यातले निम्मे आमच्या चिरंजीवांनी वाटेतच संपवले.

जकातीबद्दल दोन वाचकांनी विचारले होते. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही, पण भाड्यातून साठलेली रक्कम तुमच्या इतर निसाबात धरली जाते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मात्र विकण्याच्याच इराद्याने घेतलेल्या घराची गोष्ट वेगळी, ती विचारून घ्या. आयकराचे असे की मिळालेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्यावर सरसकट तीस टक्के सूट मिळते. आमचे एकाहत्तर हजार पाचशे, त्यातून तीन हजार दोनशे गेले, त्यावर तीस टक्के गेले, उत्पन्न धरले गेले सत्तेचाळीस हजार आठशे दहा. दुरुस्ती आणि सेवाशुल्क वेगळे वजा होत नाही, ते त्या तीस टक्क्यांतच. आणि मुद्रांक वाचवायला घर बीबींच्या नावे, पैसा मात्र मियांचा, असे असेल तर भाडे मियांच्याच उत्पन्नात धरले जाते. आमच्याकडे प्लॉट आणि सोने दोन्ही बाईसाहेबांचे होते, त्यामुळे घर त्यांचे, भाडे त्यांचे. आमच्यातले दुसरे सदस्य फक्त नळ दुरुस्तीला जातात.

आता आपांच्या चोवीस लाखांकडे येऊ. पत्रात जे विचारलेले नाही ते आधी सांगणे भाग आहे. विमा आणि फंडावर नॉमिनी म्हणून आपांचे नाव असल्यामुळे पैसे त्यांच्या खात्यात आले, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ही पतीची मिळकत आहे आणि तिचे वारस तीन आहेत. पतीचे आई-वडील हयात नाहीत, असे फोनवर विचारून घेतले. कुठली रक्कम तरक्यात धरायची याची खातरजमा मुफ्ती आणि वकील दोघांकडून करावी. सगळी धरली, तर देणी-कर्जे आणि वसियत असल्यास ती भागवून पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे तीन लाख. उरलेल्या एकवीस लाखांत मुलाचे चौदा, मुलीचे सात. म्हणजे तो गृहस्थ जे सात लाख रोख मागतो आहे, तेवढा त्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा पूर्ण हिस्सा आहे, आणि तिला अजून कुणी विचारलेलेसुद्धा नाही.

घर घ्यायचे तर तिघांनी मिळून, तिघांच्या नावे, खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा लिहून घ्यावे. एक टक्क्याची सवलत जाईल, जाऊ द्या. मुलगी पुढे सासरी गेली तरी तिच्या हिश्श्याचे भाडे तिच्या खात्यात जावे, म्हणून हे आत्ताच लिहायचे. आणि सगळे चोवीस घालायचे नाहीत. वर्षभराचा घरखर्च आणि मुलीचे शिक्षण आधी बाजूला, मग उरेल त्यात चालू स्थितीतले, आत्ता भाडेकरू राहत असलेले लहान जुने घर बघायचे.

त्या नव्या इमारतीचे म्हणाल, तर त्या गृहस्थांना दोनच गोष्टी मागा. एक, प्रकल्पाचा महारेराचा नोंदणी क्रमांक. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला तो लागतोच, आणि संकेतस्थळावर मुलगी तो दोन मिनिटांत तपासून देईल. दोन, नोंदलेला विक्री करार. त्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि चोवीस लाखांचे दहा टक्के होतात दोन लाख चाळीस हजार, सात लाख नव्हे. तेही चेकने. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्यालाच मान्य नाही.

परवा आपांचा फोन आला होता. क्रमांक मागितल्यापासून ते गृहस्थ आलेले नाहीत. शहापूर भागात एक जुना फ्लॅट मुलाने बघून ठेवला आहे, कागदांच्या झेरॉक्स काढल्या आहेत. पुढच्या रविवारी तिघेही मिरजेला येणार आहेत. आम्ही सकाळी अकरानंतर घरीच असतो, आणि वकीलसाहेबांनाही सांगून ठेवले आहे.